करंट मंद वाटतोय? नवी कॉईल आणण्याआधी गॅप लावून बघा

पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेले ब्रश कटर, पॉवर वीडर, फवारणी पंप आता बाहेर निघतील. दोरी ओढून खांदा भरून येतो, पण इंजिन दाद देत नाही. प्लग काढून बघावा तर करंट, म्हणजे ठिणगी, पिवळट, मरगळलेली. लगेच निकाल लागतो, ‘कॉईल गेली’, म्हणजे प्लगला करंट पुरवणारा भागच निकामी झाला. माझ्या मते हा निकाल फार घाईने दिला जातो. ओलीने मॅग्नेटवर (चुंबक बसवलेल्या फिरत्या चाकावर) आणि कॉईलच्या लोखंडी पायांवर गंज चढतो, किंवा मागच्या दुरुस्तीत या दोघांमधला गॅप भलताच राहून गेलेला असतो.

करंट मुळीच नसेल तर आधी बंद करायच्या स्विचची वायर कॉईलपासून सोडवून दोरी ओढा. करंट आला तर दोष स्विचचा, कॉईलला हात लावू नका. सांडलेले पेट्रोल जवळपास असताना मात्र ही तपासणी नको.

बहुतेक लहान इंजिनांना ०.२५ ते ०.३ मिमी गॅप चालतो. होंडाच्या जीएक्स १६० ला ०.४ मिमी लागतो. पुस्तिका असेल तर तीच प्रमाण. गॅप वाढला की चुंबकाचा जोर कॉईलपर्यंत कमी पोहोचतो. दोरीने इंजिन सावकाशच फिरते, त्यामुळे चालू होतानाच सगळी रड असते. एकदा पेटले की तेच इंजिन बरे चालते. गॅप फार कमी झाला तर मॅग्नेट कॉईलला घासतो.

प्लगची टोपी काढून ठेवा, फॅन कव्हर उतरवा. मॅग्नेट आणि कॉईलचे पाय बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटून राहतो, तो कापडाने नीट टिपा. नाहीतर तोच गॅपमध्ये बसतो. आता कॉईलचे दोन्ही स्क्रू ढिले करून ती वर सरकवा आणि एक स्क्रू हलकाच आवळा. चाक फिरवून चुंबक बरोबर कॉईलखाली आणा. मध्ये पितळी किंवा प्लास्टिकची फिलर पट्टी (गॅप मोजायची पातळ पट्टी) सरकवा. लोखंडी पट्टीला चुंबक धरून ठेवतो, माप नीट लागत नाही. पट्टी नसेल तर झेरॉक्सच्या साध्या कागदाचे तीन पदर साधारण ०.३ मिमी भरतात. स्क्रू सोडताच चुंबक कॉईलला आपणहून खाली ओढतो. सगळे पाय पट्टीवर सारखे टेकले ना, एवढे बघा आणि दोन्ही स्क्रू आवळा. जोर बेताचाच लावा, ॲल्युमिनियममधले आटे लवकर जातात. चाक फिरवून पट्टी काढा आणि पूर्ण फेरा देऊन कुठे घासत नाही याची खात्री करा.

फेऱ्यात एका बाजूला घासून दुसऱ्या बाजूला मोकळे राहत असेल, तर चाकाचा नट ढिला आहे किंवा बेअरिंग झिजले आहे. तिथे गॅप लावून उपयोग नाही. आणि थंड असताना चालून तापल्यावर करंट बंद करणारी, निवल्यावर पुन्हा देणारी कॉईल मात्र खरोखर गेलेली असते. ती बदलाच.