किडनीच्या रिपोर्टमध्ये नुसतं क्रिएटिनिन बघताय? या चुका टाळा

लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअपवर आला की आपण ठळक छापलेलं काही आहे का तेवढं बघतो, नसलं की फॅमिली ग्रुपवर "सगळं नॉर्मल" टाकून मोकळे. किडनीच्या बाबतीत इथंच गंडतं.

क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.१ आलंय समजा. पंचविशीतल्या मुलाचं असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, साधारण ९५ निघतो, झकास. तेच १.१ सत्तरीच्या आजींचं असेल तर ईजीएफआर ५४ च्या आसपास! क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि वयाबरोबर स्नायू झडतात, त्यामुळे आकडा रेंजमध्ये बसतो आणि किडनीचं काम कमी झालेलं कळतच नाही. ईजीएफआर छापला नसेल तर लॅबला मागा, वेगळं रक्त द्यावं लागत नाही, वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढ्यावर निघतो.

उलटंही होतं. रविवारी सिंहगड चढलात, पाणी जेमतेम प्यायलात, रात्री मटणावर ताव मारला आणि सोमवारी सकाळी रक्त दिलं, मग क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तर नवल काय. जिमवाल्यांनी क्रिएटिन पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगायचं. आणि उपाशीपोटी म्हणजे पाणीसुद्धा नाही असं कुणी सांगितलं? साधं पाणी चालतं. ईजीएफआर एकदा ६० च्या खाली आला म्हणून लगेच क्रॉनिक (जुनाट) किडनीच्या आजाराचा शिक्का बसत नाही, ३ महिन्यांहून जास्त तसाच राहिला तर बसतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा परत करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि जुने रिपोर्ट फेकू नका.

सगळ्यात जास्त राहून जाते ती लघवीची एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) टेस्ट. ईजीएफआर ठणठणीत असताना सुद्धा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन गळायला लागलेलं असू शकतं, एसीआर ३० च्या वर (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) गेला की लक्ष द्यायचं. शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा तरी करावीच, बीपीवाल्यांनी पण डॉक्टरांना विचारून घ्यावी. सकाळची पहिली लघवी उत्तम, ताप, युरिन इन्फेक्शन किंवा पाळी असेल तर पुढे ढकला.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा पेनकिलर गोळ्या रोज घेऊ नका, किडनीवर ताण येतो. याउलट बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर बहुतेक वेळा चालवून घेतात. आणि किडनी आधीच कमजोर असेल तर "थंड असतं" म्हणून रोज शहाळं किंवा लो सोडियम मीठ विचारल्याशिवाय नको, दोन्हीत पोटॅशियम भरपूर असतं आणि कमजोर किडनीला ते बाहेर टाकणं जड जातं.