क्रायो-ईएमचं ग्रिड बिघडलं तर नेमकं काय बदलायचं

पुण्याच्या पाषाण-गणेशखिंड पट्ट्यात नव्यानं पीएचडीला लागलेली मुलं विचारतात की क्रायो-ईएमच्या (प्रोटीन झटकन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचा आकार बघायचं तंत्र) मेथडवर काम करायचंय तर सुरुवात कुठून करू, तर सरळ सांगतो, मायक्रोस्कोपपासून करू नका. २०१३ च्या आसपास डायरेक्ट डिटेक्टर (इलेक्ट्रॉन थेट टिपणारे कॅमेरे) आले, सॉफ्टवेअर सुधारलं, २०१७ ला दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, मशीनची बाजू बरीच मार्गी लागलीय. घोडं अडतं ते ३ मिलिमीटरच्या ग्रिडवर, म्हणजे सॅम्पल ज्यावर गोठवतात त्या भोकं असलेल्या कार्बनच्या पडद्याच्या जाळीवर, आणि मेथडवाल्याचं खरं काम म्हणजे बिघडलेलं ग्रिड बघून कुठली पायरी चुकली ते ओळखणं.

आधी सॅम्पल. जेल फिल्ट्रेशनला (प्रोटीन आकारानुसार वेगळं करायची पद्धत) एकच सरळ पीक आला पाहिजे, मग युरेनिल अ‍ॅसिटेटनं निगेटिव्ह स्टेन करून, म्हणजे कणांभोवती जड धातूचा रंग वाळवून बघा, तिथंच गुठळ्या दिसत असतील तर पुढं जाऊच नका. फ्रीजरमधल्या स्टॉकमध्ये ग्लिसरॉल असतं ते काढून टाका, नाहीतर कॉन्ट्रास्ट जातो आणि आपण उगाच मायक्रोस्कोपला शिव्या देत बसतो.

फ्रीझिंग ऐकायला सोपं आहे. ग्रिड ग्लो डिस्चार्ज करायचं, म्हणजे त्यावर विद्युतभारित वायूचा मारा करायचा, त्यानं पाणी नीट पसरतं, ३ मायक्रोलिटर थेंब टाकायचा, फिल्टर पेपरनं काही सेकंद टिपायचं आणि लगेच लिक्विड इथेनमध्ये बुडवायचं. नायट्रोजन उणे १९६ डिग्रीला असतो मग थेट त्यातच का नाही, तर तो उकळत्या अवस्थेत असतो, ग्रिडभोवती वाफेचा थर होतो आणि थंड व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात पाण्याचे स्फटिक होतात. इथेन साधारण उणे १८३ ला गोठतं, म्हणून कपाच्या कडेला थोडं गोठलेलं आणि मध्ये पातळ अशी स्थिती ठेवा. एकदा गोठलं की ग्रिड उणे १४० च्या वर जाता कामा नये, ग्रिड बॉक्समध्ये टाकताना हात अडखळला की संपलं.

सेफ्टीचं एकदाच सांगतो. इथेन पेट घेतं, आणि नायट्रोजन वाफ झाली की जवळपास ७०० पट पसरतो, त्यामुळे बंद खोलीत ऑक्सिजन मीटरशिवाय काम नको. गावाकडं जनावरांच्या डॉक्टरकडे रेतनाच्या कांड्यांचा नायट्रोजनचा कॅन असतो, उरुळीकांचनला बायफ या संस्थेनं हे काम वर्षानुवर्षं केलंय, त्यामुळे काहींना त्याची भीती वाटत नाही, पण लॅबची खोली गोठ्याइतकी मोकळी नसते.

आता मुख्य गोष्ट, ग्रिड वाचायचं कसं. भोकातल्या बर्फातच सगळीकडे पट्टे, डाग दिसत असतील तर गोठणं हळू झालं किंवा मध्ये कुठंतरी ग्रिड तापलं. बर्फ स्वच्छ आहे पण वर वेगळे खडे बसलेत तर ती बाहेरची ओल, फ्रीझिंगचे आकडे बदलू नका, ट्रान्सफर, म्हणजे गोठलेलं ग्रिड इकडून तिकडे हलवणं, सुधारा. जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास होतं. उघड्या थर्मासमधला नायट्रोजन दुधाळ दिसायला लागला की ओतून द्या, चिमटा दर वेळी हेअर ड्रायरनं कोरडा करा, मास्क लावा, खोलीत डीह्युमिडिफायर असेल तर आदल्या रात्रीच सुरू करा. (आणि अनंत चतुर्दशीला नायट्रोजनचा टँकर येईल या भरवशावर राहू नका, रस्ते बंद असतात, आधीच भरून ठेवा.)

कण सगळे कार्बनवर आणि भोकं रिकामी असतील तर कॉन्सन्ट्रेशन वाढवा, ग्लो डिस्चार्ज बदला किंवा ग्राफीन ऑक्साइडचा थर वापरा. निगेटिव्ह स्टेनमध्ये छान आणि बर्फात तुटलेले असतील तर बहुतेक वेळा गुन्हेगार हवा-पाण्याची सीमा असते, कारण पातळ थरात प्रोटीन सेकंदाला हजारदा तरी तिथं आपटतं आणि उलगडतं. सगळे कण एकाच बाजूनं दिसतात तेही बरेचदा याच्यामुळेच. तिथं फ्रीझिंगच्या अगदी आधी चॅप्सो हा डिटर्जंट टाकून बघा, पण मग प्रोटीन बरंच जास्त घट्ट लागतं हे लक्षात ठेवा, नाहीतर स्टेज ३०-४० डिग्री तिरकं करून डेटा घ्या, तो तात्पुरता इलाज आहे पण चालतो.

मेथड चालली हे सिद्ध करायला लोक अपोफेरिटिन (लोह साठवणाऱ्या फेरिटिन प्रोटीनचं रिकामं कवच) घेतात, माझं मत विचाराल तर ते मायक्रोस्कोप तपासायला ठीक. २०२० मध्ये त्याचं रेझोल्यूशन १.२ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे एकेक अणू दिसेल इतकं गेलं, पण ते गोल, दणकट, २४ सबयुनिटचं, कसंही वागवा टिकतं, त्यामुळे तुमची नवी पद्धत चांगली आहे हे त्यावरून कळतच नाही. सोबत काहीतरी नाजूक किंवा लहान घ्या, ६४ किलोडाल्टनचं हिमोग्लोबिन स्वस्त आहे आणि चांगलंच छळतं. जुनी आणि नवी पद्धत एकाच दिवशी, एकाच बॅचवर, प्रत्येकी दोन-तीन ग्रिडवर करा, कारण शेजारच्या दोन ग्रिडमध्येही फरक पडतो, आणि मार्क द्यायला अशा मित्राला बसवा ज्याला कुठलं ग्रिड कुठलं ते माहीत नाही.

प्रोसेसिंग शिकायला स्वतःचा डेटा येईपर्यंत थांबू नका, रिलायन या प्रोसेसिंग सॉफ्टवेअरच्या ट्यूटोरियलमधला बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा डेटा फुकट मिळतो. आणि ग्रिड बेंगळुरूला एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या फॅसिलिटीला वगैरे पाठवायची असतील तर ड्राय शिपर (नायट्रोजन शोषून थंड राहणारा पाठवणीचा कॅन) एक दिवस आधी भरा, उरलेला नायट्रोजन ओतून वजन करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करा, वजन भराभर उतरलं असेल तर त्याचं व्हॅक्युम गेलंय, दुसरा शिपर मागा.