सायकल, बिव्ही आणि दर महिन्याची एक रात्र: नाशिकहून

शनिवारी संध्याकाळी निघायचं, पंचवीस-तीस किलोमीटरवर उघड्यावर झोपायचं आणि रविवारी नाश्त्याला घरी परत. वर्षातून एकदा लांबची मोहीम जमते, कारण तिची तयारी महिनाभर चाललेली असते. बाराही महिने, दर महिन्याला एक रात्र बाहेर काढणं मात्र अवघड. एक महिना हुकला की दुसरा हुकतोच. जाणं सोपं राहिलं तरच हा नेम टिकतो: अंतर कमी, सामान कायम बांधलेलं, आणि महिना बघून ठरवलेली दिशा.

बिव्ही म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची खोळ. पाणी आत येऊ देत नाही, आतली वाफ थोडीफार बाहेर सोडते. तंबू दोन-अडीच किलोचा, बिव्ही 500 ते 800 ग्रॅमची. उभारायला दोन मिनिटं लागतात आणि माणसाच्या लांबीएवढी सपाट जागा पुरते. सायकलवर तंबूपेक्षा हीच सोयीची.

कुठल्या महिन्यात कुठे

इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नाशिक शहरात 700च्या आसपास, सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. सायकलच्या टप्प्यात इतका फरक असल्यावर दिशा महिन्याप्रमाणे बदलायलाच हवी.

जून ते सप्टेंबर त्र्यंबक-इगतपुरीकडे उघड्यावर झोपायचा हट्ट धरू नये. तिकडची झड रात्रभर चालते आणि कुठलीही बिव्ही तोंडाच्या बाजूने भिजते. या दिवसांत पूर्वेला सिन्नर-निफाडकडे जावं आणि विचारून देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकावी. छप्पर असलं तरी वाऱ्याबरोबर येणारे शिंतोडे आणि डास यांच्यासाठी बिव्ही लागतेच. नदीपात्रात, घाटाच्या पायरीवर किंवा पुलाखाली मात्र या काळात अजिबात झोपू नये. धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदेचं, दारणेचं पाणी आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही चढतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा खरा हंगाम. गंगापूर रोडने दुगाव, गिरणारे आणि पुढे धोंडेगाव-कश्यपी धरणाची बाजू हा पहिल्या रात्रीसाठी सगळ्यात चांगला रस्ता: अंतर साधारण पंचवीस किलोमीटर, चढ बेताचे, आणि गिरणाऱ्यात शेवटची खरेदी होते. पश्चिमेकडे भात झोडून झालं की खळी रिकामी होतात. सारवलेलं, सपाट, काटे झाडलेलं खळं मालकाने झोपायला दिलं तर त्याहून चांगली जागा शोधायची गरज नाही. धान्य घरात गेलेलं असलं पाहिजे एवढंच. खळ्यावर धान्य असलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

डिसेंबर-जानेवारीत पाण्याच्या काठापासून लांब राहावं. निफाड-ओझरच्या सखल पट्ट्यात पारा एक आकडी होतो. थंड हवा जड असते, ती रात्री उताराने खाली वाहत येऊन खोलगटात साठते, आणि धरणाच्या काठावर त्यात दवाची भर पडते. काठापासून दहा-पंधरा मीटर उंचीवर, टेकडीच्या खांद्याला झोपलं तर फरक अंगाला कळतो. रामशेजच्या पायथ्याची आशेवाडी किंवा अंजनेरीची बाजू या महिन्यांत बरी. एप्रिल-मे महिन्यांत उलट करायचं: पश्चिमेला, वाऱ्याच्या जागी. वळवाचे ढग दिसले तर एकट्या झाडाखाली आणि उघड्या सड्यावर थांबू नये. विजेची भीती दोन्हीकडे सारखीच.

शनिवार ठरवताना पंचांगही बघावं. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेची आणि श्रावणी सोमवारच्या आदल्या रात्री भाविकांची त्र्यंबक रस्त्यावर गर्दी असते, चैत्र पौर्णिमेला वणीच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची. अशा रात्री त्या रस्त्यावर सायकल घालू नये. शुक्ल पक्षातला शेवटचा शनिवार चांगला, रस्ता आणि जागा दोन्ही दिसतात.

विचारून झोपणं

राखीव वनात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही आणि जाळ करणं हा गुन्हा आहे. धरणाच्या भिंतीवर थांबू देत नाहीत. नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात रात्र काढायचा विचारच नको. उरते गावाची आणि शेतकऱ्याची जागा, आणि तीच सगळ्यात सुरक्षित. उजेड असताना गावात पोचून पोलीस पाटलांना नाव, गाव, किती जण आणि किती वाजता निघणार हे सांगावं. ही औपचारिकता नाही. रात्री शिवारात हलणारी बॅटरी दिसली की वस्तीवरचे लोक चोर समजून काठ्या घेऊन येतात. ज्यांना आधी सांगितलेलं असतं तेच मग "पाव्हणं, पाणी हाय का?" म्हणून विचारायला येतात.

डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. मावळतीच्या तासभर आधी जागेवर पोचायचं असं धरून उलटा हिशोब करावा. सामानासह ताशी 15 किलोमीटरचा वेग धरला तर तीस किलोमीटरला दोन तास, चहाचा अर्धा तास वेगळा. म्हणजे हिवाळ्यात अडीचला पाय पॅडलवर हवा.

सामान

पाणी सोडून एकूण वजन आठ किलोच्या आत बसतं. बिव्ही, स्लीपिंग बॅग (डिसेंबर-जानेवारीसाठी 5 अंश आरामदायक मर्यादेची, बाकी महिन्यांत 10-12 अंशांची पुरते), 10 मिलिमीटरची बंद छिद्रांच्या (क्लोज्ड-सेल) फोमची मॅट. योगाची 6 मिलिमीटरची मॅट थंडीत पुरत नाही. जमीन पाठीतून ऊब खेचते आणि अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग तिथे उपयोगाची राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत स्लीपिंग बॅग घरीच ठेवावी, सुती चादर न्यावी. उन्हाळ्यात बिव्हीत शिरलं की घामाने चिंब व्हायला होतं, म्हणून ती खाली अंथरायची आणि वर मच्छरदाणी.

अंगाखाली घालायला काय, यावर नाशिकच्या शेतांतून तीन पर्याय मिळतात. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद वर्षानुवर्षं टिकतो, पण दोन मीटर बाय पाऊण मीटर तुकडा 700 ग्रॅम भरतो. टोमॅटोचा मल्चिंग पेपर जवळपास वजनरहित, पण बाभळीच्या एका काट्याने फाटतो. 120 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 120 ग्रॅमची, ताडपत्री त्याच मापात 180 ग्रॅम होते. तीच घ्यावी.

वर बांधायला 2 बाय 3 मीटरची हलकी ताडपत्री, 3 मिलिमीटरची दोरी 12 मीटर, आणि सात मेखा. आपल्याकडच्या मुरमात ॲल्युमिनियमच्या बारीक मेखा वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे वाकत नाहीत, थोडं वजन वाढलं तरी चालेल. त्याशिवाय डोक्याला लावायची बॅटरी, खुरपं, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, आणि माणशी तीन लिटर पाणी. धरणाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

जड वस्तू खाली आणि पुढे. स्टोव्ह, पाणी, अवजारं बाजूच्या पिशव्यांत, मॅट-बिव्हीची वळकटी कॅरिअरवर. वळकटी बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या बंजी दोरीपेक्षा भरवशाच्या, कारण त्यांना हूक नसतो आणि हूक सुटून आऱ्यांत जायची भीती नसते. बांधून झाल्यावर सायकल उचलून दोनदा जमिनीवर आपटावी. काही हललं तर ते खडबडीत रस्त्यावर पडणारच. मागच्या 35 मिलिमीटर टायरमध्ये 60 पीएसआय हवा. घरून निघताना एवढी भरली नाही तर पहिल्याच खड्ड्यात रिम ट्यूबला चावते.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर सायकल घालू नये. शंभर मीटरमध्ये चिखल मडगार्डमध्ये भरतो, चाक फिरायचं थांबतं आणि ओढाताणीत मागचा गिअर ज्याला लावलेला असतो तो हँगर वाकतो. डांबर किंवा मुरूम, तिसरं नाही.

जागा आणि मांडणी

उसाच्या फडापासून लांब राहावं. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबट्याचा वावर आहे. वस्तीजवळ, तीन-चार जणांनी एकत्र झोपावं आणि रात्री एकट्याने अंधारात उकिडवं बसू नये, कारण बिबट्याला बसलेला माणूस छोटं सावज वाटतो. वनखात्याची हेल्पलाइन 1926. द्राक्षबागेच्या बांधावरही झोपू नये. पहाटे ब्लोअरने फवारणी सुरू होते, आणि शेतीची लाइट रात्रीची असेल तर मोटार चालू होऊन पाणी कधी पाठीखाली येईल सांगता येत नाही. आंब्याखाली दव कमी पडतं, पण वर बॅटरी मारून वाळलेली फांदी आणि आग्यामोहोळ आहे का ते आधी बघावं.

ताडपत्रीला खांब म्हणून सायकलच वापरता येते. सायकल वाऱ्याला आडवी उभी करायची. पुढचा ब्रेक दाबून लिव्हर हँडलला ट्यूबच्या पट्टीने बांधून टाकायची, म्हणजे सायकल सरकत नाही. हँडल आणि सीटपासून दोन्ही बाजूंना दोरी ताणून खिळे ठोकायचे. मग ताडपत्रीची एक कड वाऱ्याच्या बाजूला जमिनीलगत तीन खिळ्यांनी बांधायची आणि दुसरी सायकलवरून घेऊन हँडलला आणि सीटला बांधायची. झोपायचं सायकल आणि जमिनीवरची कड यांच्यामध्ये, डोकं जरा चढाला. पावसाळी वारा पश्चिमेचा, त्यामुळे जमिनीलगतची कड पश्चिमेला.

बिव्हीबद्दल नव्या माणसाची हमखास तक्रार एकच: गळते. बहुतेक वेळा ती गळत नसते. माणूस रात्रभरात श्वास आणि घामातून पाव लिटर तरी पाणी सोडतो. थंडी वाजली म्हणून तोंड आत घेऊन झोपलं की ते सगळं खोळीच्या आतल्या बाजूला जमतं. पहाटे चारला बॅटरी लावून बघावं: छातीच्या वर, खोळीच्या आतून मोहरीएवढे थेंब ओळीने लटकलेले असतात आणि कूस बदलली की एकदम स्लीपिंग बॅगवर पडतात. उपाय साधा. नाक-तोंड कायम बाहेर, डोक्याला कानटोपी, चेन छातीपर्यंतच, उरलेल्या भागावर जाळी. ओले मोजे वाळवायला आत घेऊ नयेत.

जाळीचं मुख्य काम डास नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा दुखत नाही, खूणही बऱ्याचदा दिसत नाही. काही तासांत पोट दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं सुरू होतं. म्हणून बिव्हीला जाळी नसेल तर मच्छरदाणी बांधून तिच्या कडा चारही बाजूंनी मॅटखाली खोचायच्या. झोपेत काही चावल्याची शंका आली किंवा पहाटे पापण्या उघडेनात, तर वाट बघत बसू नये. कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नये. हात-पाय हलू न देता 108ला फोन करावा आणि प्रतिविष असलेल्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पोचावं. झोपण्याआधी जवळचं रुग्णालय कुठलं आणि फोनला रेंज कुठे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. बूट पिशवीत घालून तोंड बांधून ठेवावेत, सकाळी उलटे करून टाच आपटावी. विंचू आत शिरतो तो अंधाऱ्या आडोशासाठी.

जेवण घरचंच न्यावं: भाकरी, ठेचा, पिठलं. स्टोव्हवर फक्त पाणी आणि चहा. वाळलेल्या गवताच्या महिन्यांत, फेब्रुवारी ते मे, चूल अजिबात नको. स्टोव्हही खडकावर किंवा उघड्या मुरमावर. सकाळचा विधी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करून. गंगापूर आणि कश्यपीचं पाणी शहराच्या नळाला येतं, हे लक्षात असू द्यावं.

निघताना आणि घरी

जागा सोडताना सायकल गवतातून ढकलत नेऊ नये, उचलून डांबरापर्यंत न्यावी. सराटे गवतातच असतात, आणि एका टायरला पाच-पाच लागतात. पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढावा. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, टोक आत राहतं, आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

घरी पोचल्यावर अंघोळीआधी बिव्ही आतली बाजू बाहेर करून दोरीवर, सावलीत टाकावी. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर पावसाळ्यात तिला काळी बुरशी धरते आणि आतला थर सोलपटायला लागतो. स्लीपिंग बॅग दाबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी. बाकी सामान पिशवीतून काढूच नये, फक्त संपलेलं भरावं. गॅसचा 230 ग्रॅमचा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन करावं: भरलेला साधारण 380, रिकामा 150. लिटरभर पाणी उकळायला 12 ते 15 ग्रॅम जातात. काटा 200च्या खाली गेला असेल तर पुढच्या शनिवारसाठी नवा डबा आत्ताच पिशवीत टाकावा.