घर्षणाचा प्रयोग न्यायचाय? आधी वीट घ्या

गेल्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात, आमच्या पोराची आणि माझी मिळून फजिती झाली. यंदा धाकटीचा नंबर. ती दुसरीत आहे आणि विषय पुन्हा घर्षणच. म्हणून ही यादी मी आधी स्वतःसाठी करतोय; ज्यांच्या घरी एवढंसं पोर आहे त्यांनीही वापरावी.

वीट. पहिली वस्तू वीट. आख्खी, कोपरे न उडालेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कशाला ते पुढे येईलच, पण पिशवीत आधी ती टाका.

मग फळी, दोन-अडीच फुटांची. जुन्या कपाटातला कप्पा चालतो. एक खेळण्यातली गाडी. ती आदल्या रात्रीच फरशीवर सोडून बघा, कारण निम्म्या गाड्या सरळ जातच नाहीत, पलंगाखाली शिरतात. मागे ओढून सोडायची गाडी मुळीच नको. पोराचा हात सवयीनं मागे जातो आणि गाडी उताराच्या नाही, स्प्रिंगच्या जोरावर पळते. खडू, चिकटपट्टी, कात्री, सुतळी, फुटपट्टी.

पृष्ठभाग तीनच: फरशी, सतरंजी, गोणपाट. सात-आठ गोळा करायचा मोह होतो, पण पोराला तिसऱ्यानंतर कंटाळा येतो. पॉलिश पेपर आणू नका. सगळे तोच आणतात, कारण हाताला खरखरीत लागतो. पण गाडीची कडक चाकं त्याच्यावरून जवळपास फरशीसारखीच धावतात, मग पोर आपल्याकडे बघतं आणि आपण छताकडे. चाकाला खरी अडवणूक होते ती मऊ, दबणाऱ्या कापडात. पॉलिश पेपर दाखवायचाच असेल तर गाडी ठेवून द्या आणि काडेपेटी घसरवा. घसरणाऱ्या वस्तूला तो चांगला धरतो. गोणपाट म्हणजे तागाचंच. सरकीच्या ढेपेची पोती हल्ली बरीचशी प्लास्टिकची येतात, ती नकोत. तागाचं मिळालं तर अंगणात नीट झटका, नाहीतर सरकीचा चुरा चाकात अडकतो.

आता विटेचं. घरी आम्ही फळीचं एक टोक आडव्या विटेवर टेकवायचो. गाडी सतरंजीवर जवळजवळ मीटरभर जायची, गोणपाटावर दोन विती. पोरानं पाठ केलं, आजीला चारदा दाखवलं. शाळेत निघताना वीट जड म्हणून मीच म्हणालो, राहू दे, तिथं पुस्तकं असतातच. होती की! शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या मुलाची चार जाड पुस्तकं टेकूला घेतली. गोणपाटावर गाडी झकास पळाली. तेवढ्यात तो मुलगा आला आणि त्यातली दोन, त्यातही जाडजूड, उचलून घेऊन गेला. आम्ही तसंच पुढे रेटलं. सतरंजीवर गाडी गोणपाटापेक्षा कमी गेली. परीक्षक बाईंनी विचारलं, मग जास्त कोण अडवतं? पोरानं खरं दिसलं ते सांगितलं: सतरंजी. बाई हसल्या, पोर रडलं, घरी आई माझ्यावरच खेकसली, "पोऱ्याले रडावू नको म्हने!"

पोराचं काही चुकलं नव्हतं. गाडीला पळायचा जोर मिळतो तो उंचीतून. उंची निम्मी केली की त्याच कापडावरची धावही साधारण निम्मी होते. म्हणजे आम्ही कापडं नाही, पुस्तकं मोजत होतो. पृष्ठभाग तीन, पण टेकू एकच, तोच, तसाच आडवा ठेवलेला. वीट. वाचून तुम्हाला वीट येईल. येऊ द्या, पण घेऊन जा.

प्रयोग करताना फळीवर खडूनं रेघ मारा, पुढची चाकं दर वेळी त्याच रेघेवर. पोरं गाडी सोडत नाहीत, ढकलतात. म्हणून गाडीपुढे फुटपट्टी आडवी धरायची आणि ती वर उचलायची. फळी जिथं जमिनीला लागते तिथं धक्का बसतो, तिथं पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. प्रत्येक पृष्ठभागावर तीनदा सोडा आणि तिन्हींतलं मधलं अंतर धरा, ना सगळ्यात जास्त ना सगळ्यात कमी. सेंटिमीटर दुसरीतल्या पोराला कळत नाहीत, तेव्हा गाडी जेवढी गेली तेवढी सुतळी कापायची. तीन सुतळ्या तक्त्यावर शेजारी-शेजारी उभ्या चिकटवल्या की आलेख तयार, बोलावंही लागत नाही. आणि सोडण्याआधी पोराला विचारा, कुठे जास्त जाईल? चुकीचं बोललं तरी मध्ये पडू नका. मला हे अजून जमत नाही.

केळीची साल आणू का, हे जळगावकडचं पोर विचारणारच. जपानी संशोधकांनी सालीखालचं घर्षण खरोखर मोजलं होतं, घर्षणाचा गुणांक (जितका लहान तितकं घसरडं) ०.०७ च्या आसपास निघाला आणि २०१४ साली त्यांना त्यासाठी इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं. तरी गर्दीच्या हॉलमध्ये साल नको, कोण पडेल सांगता येत नाही. त्याऐवजी परातीत दादरचे, म्हणजे ज्वारीचे, दाणे पसरा आणि वर छोटं ताट ठेवून ढकलायला सांगा. दाणे गोल फिरतात, ताट सुळकन जातं. परातीतच, जमिनीवर नाही. झाडायला तुम्हीच असता.

घर्षण वाईट असं पोराला शिकवू नका. बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं, पण पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावीच लागते, नाहीतर चटणी वाटली जात नाही. एवढी दोन उदाहरणं बस.

तक्त्यावर मोठी अक्षरं. भाषण तीन वाक्यांचं. पाणी, डबा, रुमाल. विज्ञान दिन ज्याच्यावरून आहे तो रमण परिणाम १९२८ चा, हे कोणी विचारलंच तर.

वीट मी आजच चपलांशेजारी काढून ठेवली आहे. आईला दोनदा ठेच लागली, तरी हलवणार नाही.