संगणकाच्या खोलीत कोण बसत असे? खानदेशातील निवृत्तांच्या आठवणी नोंदवण्याची एक रीत

भारतातील संगणकाच्या इतिहासात काही टप्प्यांचा उल्लेख हमखास येतो: १९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बसवलेले यंत्र, १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक, १९७८ साली आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने देशातून घेतलेला काढता पाय आणि १९९१ साली पुण्यात तयार झालेला परम ८००० हा महासंगणक. भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा ही नावे त्यात येत नाहीत, कारण इथे जे घडले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. बँकेच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीनवर (खातेवहीतील नोंदी करणाऱ्या यंत्रावर) बसणारा लिपिक, साखर कारखान्यात ऊसबिलाचा प्रोग्राम लिहिणारा तरुण, जिल्हाधिकारी कार्यालयातील एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या) वातानुकूलित खोलीत चपला बाहेर काढून जाणारी डेटा एंट्री ऑपरेटर, रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षण खिडकीवरचा पहिला कर्मचारी, ही सगळी माणसे आता पासष्ट ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून ही माहिती कशी मिळवावी आणि कशी टिकवावी, हे मी गेल्या काही वर्षांत चुकतमाकत शिकलो. तेच इथे सांगतो.

माणसे शोधण्यासाठी नोव्हेंबर महिना सर्वांत सोयीचा. हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक बँकेत येतात, ओळखीचे लोक वर्षभराने भेटतात, आणि ‘तुमच्या शाखेत पहिले मशीन कोणी चालवले?’ या एका प्रश्नावर तिथल्या बाकावरच दोन-तीन नावे निघतात. अधिकाऱ्यांपेक्षा ऑपरेटर आधी गाठावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साहेबांना खरेदीचा आदेश आणि उद्घाटनाचे पेढे आठवतात. प्रिंटरची रिबन संपल्यावर काय करायचे, हे फक्त ऑपरेटरलाच ठाऊक असते. त्यातही स्त्रियांना आवर्जून शोधावे लागते, कारण पंचिंग (कार्डांवर छिद्रे पाडून माहिती नोंदवणे) आणि डेटा एंट्रीचे काम अनेकींनी केले असूनही ‘आम्ही काय, नुसते टाइप करायचो’ असे म्हणून त्या स्वतःच बाजूला होतात.

भेटीपूर्वी अभ्यास करावा. बिटसेव्हर्स या संकेतस्थळावर जुन्या यंत्रांच्या हजारो मूळ पुस्तिका स्कॅन करून ठेवलेल्या आहेत, तर इंटरनेट आर्काइव्हवर जुनी संगणक मासिके आणि सॉफ्टवेअर चाळता येते. माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आणि मिनेसोटा विद्यापीठातील चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट यांनी घेतलेल्या मुलाखतींच्या लिखित प्रती मोफत वाचायला मिळतात. त्यांपैकी दोन-तीन वाचल्या तरी प्रश्नाला प्रश्न कसा जोडावा, हे कळते. मी या पुस्तिकांतील एक-दोन छायाचित्रे छापून सोबत नेतो. धुळ्यातील एका निवृत्त लिपिकांना मी ‘डीबेसबद्दल काही सांगा’ असे (नोंदी साठवण्याच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरविषयी) विचारले, तेव्हा ते ‘तेव्हा होते खरे’ एवढेच म्हणाले. पण डीबेसच्या काळ्या पडद्यावरील तो एकटा ठिपका कागदावर दाखवताच त्यांची बोटे टेबलावर आपोआप चालू लागली आणि इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्याची सूची) बिघडल्यावर तो पुन्हा कसा बांधायचा, हे त्यांनी मला पाऊण तास समजावले.

प्रश्न इतिहासाचे नसावेत, दिवसाचे असावेत. ‘संगणकीकरणाचा काय परिणाम झाला?’ असे विचारल्यास वर्तमानपत्री उत्तर मिळते. त्याऐवजी सकाळी खोली कोण उघडत असे, दुपारी वीज गेली की अर्धवट राहिलेल्या नोंदींचे काय होई, मे महिन्यात भुसावळच्या उन्हात एसी बंद पडला तर यंत्र चालू ठेवत की बंद करत, हे विचारावे. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांमध्ये यंत्रे येऊ लागली आणि कर्मचारी संघटनांचा यंत्रीकरणाला विरोध होता, हे पुस्तकात सापडते. परंतु सकाळी गेटवर घोषणा देणारा माणूस दुपारी त्याच मशीनच्या प्रशिक्षणाला कसा बसला, हे त्याच्याच तोंडून ऐकावे लागते. माझा एक हमखास चालणारा प्रश्न असा: ‘३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री आपण कुठे होतात?’ वर्षाचे दोनच अंक साठवणारे प्रोग्राम २००० साल १९०० समजतील या भीतीने त्या रात्री अनेकांना कार्यालयात थांबावे लागले होते, त्यामुळे या प्रश्नावर कोणीही गप्प बसत नाही.

नाना किंवा आप्पा बोलत असताना घरातील काकूंनाही शेजारी बसण्याची विनंती करावी. सालाचा घोळ बहुधा त्याच सोडवतात, कारण रात्रपाळी कोणत्या मुलाच्या जन्माच्या वेळी होती, हे त्यांना पक्के आठवते. सार्वजनिक खुणाही उपयोगी पडतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, तेव्हा ‘जिल्हा वेगळा होण्याआधी की नंतर?’ या प्रश्नाने काळ बराच आवळता येतो. सांगणारा मध्येच अहिराणीत शिरला तर त्याला प्रमाण मराठीकडे वळवू नये. ‘मशीन बंद पडी गयं’ हे वाक्य लिखित प्रतीतही तसेच राहू द्यावे.

ध्वनिमुद्रणासाठी साधा मोबाइल चालतो, मात्र फाइल वाव्ह प्रकारची, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटची असावी. एका मायक्रोफोनवर तासाभराच्या बोलण्याला साधारण ५२० एमबी जागा लागते. माझी पहिली मुलाखत छताच्या पंख्याने खाल्ली. दीड तासाच्या त्या फाइलमध्ये घरघर स्पष्ट आणि माणूस अस्पष्ट आहे. उन्हाळ्यात पंखा बंद करा असे सांगणे जिवावर येते, म्हणून आता मी सकाळी सातलाच जातो.

ऐकलेले ते सगळे खरे मानू नये आणि सांगणाऱ्याला खोटेही पाडू नये. एका गृहस्थांनी आपल्या आयबीएम एक्सटी या संगणकाला सुरुवातीपासून ४० एमबीची हार्ड डिस्क होती, असे ठामपणे सांगितले. १९८३ साली बाजारात आलेल्या मूळ एक्सटीत १० एमबीची डिस्क असे. पुस्तिका पुढे ठेवल्यावर त्यांना आठवले की डिस्क नंतर बदलली होती आणि यंत्रही आयबीएमचे नसून त्याची भारतीय नक्कल होते. विसंगतीतूनच अधिक माहिती निघाली. लिखित प्रतीत मूळ विधान कायम ठेवून दुरुस्ती तळटीपेत द्यावी.

बोलण्याच्या ओघात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते, आणि इथे उत्साह आवरावा लागतो. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या खिडकीतून पृष्ठभागावर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्यास तिच्यासह ड्राइव्हचे हेडही खराब होते. वाचण्याआधी फ्लॉपीवर चुकून काही लिहिले जाणार नाही अशी सोय करावी: सव्वापाच इंचीवरील खाच चिकटपट्टीने झाकावी, तर साडेतीन इंचीवरील छोटी खिडकी उघडी ठेवावी. दोन्हींची रीत नेमकी उलटी असल्याने घाईत गफलत होते. साडेतीन इंचीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो. मोठ्या फ्लॉपीसाठी जुना ड्राइव्ह आणि तो आजच्या संगणकाला जोडणारे ग्रीझवीझलसारखे सर्किट लागते. फाइली एकेक करून उतरवण्याऐवजी संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल एकाच फाइलमध्ये, घ्यावी. कागद ३०० डीपीआयवर आणि छायाचित्रे ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत. छिद्रांच्या कडा असलेला जोडकागद फाडून सुटा करू नये, घडीवरच ठेवून स्कॅन करावा.

या फ्लॉप्यांत आणि छापील लेजरांत खातेदारांची नावे व शिल्लक असते. ती कितीही जुनी असली तरी प्रसिद्ध करू नयेत. नावे झाकलेली प्रतच बाहेर द्यावी. मुलाखतीपूर्वी एका पानाचे मराठी संमतिपत्र वाचून दाखवावे आणि आवाज, छायाचित्र व मजकूर यांसाठी वेगवेगळी सही घ्यावी, कारण आवाज द्यायला तयार असलेले अनेक जण घराचे छायाचित्र नको म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

संमती मिळालेले साहित्य इंटरनेट आर्काइव्हवर ठेवता येते. मुक्त परवाना दिला असेल तर विकिमीडिया कॉमन्सवरही. विकिपीडियावरील लेखात मात्र अप्रकाशित मुलाखत आधार म्हणून चालत नाही, म्हणून लिखित प्रत आधी एखाद्या नियतकालिकात छापून आणण्याचा प्रयत्न करावा. कागदपत्रांसाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा जळगावच्या विद्यापीठाचे ग्रंथालय यांच्याकडे विचारणा करावी. गावोगाव फिरून दप्तरे गोळा करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाची संस्था याच खानदेशात आहे, हा योगायोग मला बळ देतो.

एक प्रत त्या घरातही राहिली पाहिजे. मी पेन ड्राइव्ह देतो आणि सोबत मोठ्या अक्षरांत छापलेली लिखित प्रत देतो. आठवड्याभराने पुन्हा जाऊन ती त्यांच्यासमोर वाचतो. त्या दुसऱ्या भेटीला रेकॉर्डर अवश्य चालू ठेवावा.