आधी प्रश्न, मग उतारा

दहावीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. लेखी पेपर 80 गुणांचा, त्यात न वाचलेला उतारा समोर आला की चांगली मुलंही गांगरतात. म्हणून आधी प्रश्न वाचा, मग उतारा. अडलेल्या शब्दावर रेंगाळू नका. पेन्सिलीने खूण करा, पुढे चला. पुष्कळदा पुढचंच वाक्य त्याचा अर्थ सांगून जातं.

खरी गडबड उत्तर लिहिताना होते. प्रश्न असतो, ‘व्हाय डिड रवी गो होम?’ मुलं लिहितात, ‘रवी गो होम बिकॉज ही वॉज इल.’ प्रश्नात भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचलला होता, म्हणून ‘गो’ साधा राहिला. उत्तरातून ‘डिड’ गेला की तो भार क्रियापदावर येतो: ‘रवी वेंट होम.’ अशी दहा उत्तरं मोठ्याने म्हणत लिहून काढा.

‘अ’ की ‘ॲन’ हेही कानानेच ठरवा, स्पेलिंगवरून नको: ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. मराठीत असे शब्दच नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांकडून ते सुटतात. त्यांना रागावू नका.

रोज एकच उतारा, घड्याळ लावून. चुकलेलं वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर दुरुस्त करून लिहा आणि रविवारी फक्त तेच पान वाचा.