ओळखीच्या गोष्टी फोटोग्राफरच्या नजरेनं पाहायच्या कशा?

टेबलावर पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास आहे. 'ग्लास' हा शब्द मनात उमटला की आपली नजर पुढं सरकते. रोजच्या धावपळीत तसंच व्हायला हवं, नाहीतर दिवस पुरणार नाही. पण जरा वाकून ग्लासच्या आरपार पाहा. पलीकडची खिडकी पाण्यात डावी-उजवी फिरलेली दिसते. काचेच्या कडेला बारीक काळी रेघ असते. ऊन पडलं असेल तर ग्लासच्या सावलीच्या मधोमध सावली नसतेच, तिथं उजेडाचा झगझगीत पट्टा असतो. हे सगळं कायम तिथंच असतं, आपण फक्त नाव घेऊन मोकळे होतो.

माझ्या मते फोटोग्राफीतलं खरं शिक्षण इथंच आहे. आपला मेंदू डोळ्यांकडून आलेलं चित्र दुरुस्त करतो, गाळतो, जुळवून घेतो. कॅमेरा यातलं काही आपल्यासारखं करत नाही. हा फरक कळण्यासाठी पुढचे सराव करा. मोबाइलचा कॅमेराही चालेल.

१. नाव बाजूला ठेवा

घरातली एक साधी वस्तू निवडा आणि दहा मिनिटं तिच्यासमोर बसा. कॅमेरा नको. जे दिसतं ते मोठ्यानं बोला, पण वस्तूचं नाव आणि उपयोग सांगायचा नाही. फक्त उजेड कुठून येतो, कड कुठं वळते, गडद भाग कुठं आहे, एवढंच. पहिली दोन मिनिटं अवघड जातात, मग एकेक गोष्ट दिसू लागते. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरनं १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. त्या फोटोत मिरची दिसते, आणि त्याच वेळी वाकलेली माणसाची पाठही दिसते.

२. उजेडाचा रंग ओळखा

हा सराव मला सगळ्यांत आवडतो, म्हणून सविस्तर सांगते. पांढरा कागद खिडकीशी धरा, मग पिवळसर बल्बखाली धरा. दोन्हीकडे तो पांढराच वाटेल. प्रत्यक्षात दुपारच्या उजेडाचं रंगतापमान (उजेड किती निळसर किंवा पिवळसर आहे याचं माप; आकडा कमी, तितका उजेड पिवळा) साधारण ५५०० केल्विन असतं आणि अशा बल्बचं २७०० च्या आसपास, म्हणजे फरक बराच मोठा आहे. मेंदू तो आपल्या नकळत पुसून टाकतो. आता कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणारी सोय, 'ऑटो'वरून काढून 'डेलाइट'वर ठेवा आणि दोन्ही फोटो काढा. बल्बखालचा कागद चक्क नारिंगी येईल.

कॅमेऱ्याशिवायही हे दिसतं. संध्याकाळी, बाहेर अजून थोडा उजेड असताना, कागदाच्या एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला बल्ब येईल असं बसा. मध्ये पेन्सिल उभी धरा. कागदावर दोन सावल्या पडतील, एक निळसर, दुसरी पिवळट. बल्बचा उजेड जिथं अडला तिथं खिडकीचा निळा उरला, खिडकीचा अडला तिथं बल्बचा पिवळा. सावली म्हणजे काळा रंग, हा समज माझ्या मनातून त्या दिवशी कायमचा गेला. तेव्हापासून पांढऱ्या भिंतीच्या कोपऱ्यातही मला दोन-तीन रंग दिसतात.

३. पांढरं किती पांढरं, ते तपासा

कॅमेऱ्याचा लाइट मीटर, म्हणजे त्यातला उजेड मोजणारा भाग, समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे फ्रेमभर पांढरी भिंत घेतली तर ती मळकट येते आणि काळं कापड राखाडी येतं. भिंतीसाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतलेला उजेड, एक-दीड स्टॉप वाढवा, कापडासाठी तेवढंच कमी करा (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट, कमी केला की निम्मा). आपली नजरही इथं भरवशाची नाही. एडवर्ड अ‍ॅडेलसन या दृष्टीच्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये केलेल्या चित्रात बुद्धिबळाच्या पटावर सावली पडलेली आहे. सावलीतलं 'पांढरं' घर आणि बाहेरचं 'काळं' घर अगदी एकाच छटेचं आहे. हे माहीत असूनही डोळे मानत नाहीत.

४. बटण दाबण्याआधी चारही कडा फिरा

हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढाच, साधारण २ अंशांचा, भाग आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतो. डोळे सेकंदाला तीनेक वेळा उड्या मारतात आणि मेंदू तुकडे जोडतो. लक्ष एकीकडे गुंतलं की बाकीचं निसटतं. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात लोकांना बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितलं. गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, तरी जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही.

आजीचा दारात बसलेला एक फोटो माझ्याकडे आहे. हसू अगदी तिचं आहे, पण डोक्यामागं खिळ्याला प्लास्टिकची पिशवी लोंबते. फोटो काढताना मी फक्त तिचा चेहरा पाहत होते. अर्धं पाऊल डावीकडं सरकले असते तरी पुरलं असतं. म्हणून चेहऱ्यावरून नजर काढून फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरवायची, शेवटी डोक्यामागं पाहायचं, मगच बटण.

५. एकच खिडकी, अनेक दिवस

योसेफ सुदेक या चेक फोटोग्राफरनं प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो १९४० पासून १९५४ पर्यंत काढले. कधी काच धुक्यानं भरलेली, कधी थेंबांनी. तुम्ही आठवडाभर करा. जागा तीच, वेळ मात्र रोज वेगळी.

६. फोटो उलटा करून पाहा

जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत काचेवर चित्र उलटंच दिसायचं. वर-खाली झालं की वस्तू चटकन ओळखू येत नाही आणि आकार, वजन, उजेड आधी जाणवतो. आठवड्याचे फोटो दोन दिवस तसेच राहू द्या, मग स्क्रीनवर उलटे करा. नजर पहिल्यांदा कुठं जाते ते लिहून ठेवा. ज्यासाठी फोटो काढला होता तिथं ती जात नसेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी जाऊन उभे राहा आणि पुन्हा काढा.